नळापलीकडचा शेजारी

‘माझ्या एकटीच्या घरातला नळ बंद ठेवल्याने मुंबईची तहान भागणार आहे का?’ असे एका वाचक भगिनीने या सदरासाठी पाठवलेल्या पत्रात विचारले आहे. पत्राचा सूर रागाचा आहे आणि तो राग समजण्यासारखा आहे. त्यांच्या चाळीत पहाटे पाचला पाणी येते आणि सातला जाते. त्या दोन तासांत पिंप भरायचे, बादल्या भरायच्या, सासूबाईंच्या वुजूसाठी पाणी गरम करायचे, मुलांचे डबे करायचे. समोर नवा टॉवर उभा राहिला आहे आणि त्यात पोहण्याचा तलाव आहे. ‘साधेपणाने राहा, हे सांगायला सगळे आमच्याच दारात येतात. त्या टॉवरमध्ये कोणी का जात नाही?’ हा त्यांचा दुसरा प्रश्न.

दोन्ही प्रश्न खरे आहेत, म्हणून या महिन्याचे सदर त्यांनाच देते.

पहिल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे, की नाही, एका घरातला नळ बंद ठेवून मुंबईची तहान भागणार नाही. महानगरपालिका या शहराला रोज ३८० कोटी लिटरहून अधिक पाणी पुरवते. त्यात आपली एक बादली म्हणजे समुद्रात थेंब. तरीही ती बादली वाचवायला हवी, कारण तिच्यावर कोणाचा तरी हक्क आहे. तो कोण, हे मोठ्या शहरात दिसत नाही, एवढेच.

गावात हे दिसत असे. विहिरीचे पाणी खाली गेले की सगळ्या आळीला कळे. रहाटाचा दोर लांब सोडावा लागे. घरातला केरकचरा घरामागच्या उकिरड्यावर जाई आणि त्याचा वास आधी आपल्याच नाकाला लागे. शेजाऱ्याचा हक्क म्हणजे काय, हे तिथे कोणाला शिकवावे लागत नव्हते. शहरात नळ फिरवला की पाणी येते आणि कचऱ्याची गाडी आली की कचरा जातो. पाणी कुठून आले आणि कचरा कुठे गेला, ही दोन्ही टोके नजरेआड राहतात. पण दोन्ही टोकांना माणसे राहतात. तेही आपले शेजारीच, फक्त त्यांचे दार आपल्या दारापासून लांब आहे.

आधी पाण्याचे टोक पाहू. मुंबईला सात तलाव पाणी देतात. विहार आणि तुळशी हे दोन शहराच्या हद्दीत, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहेत. बाकीचे पाच म्हणजे तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा आणि भातसा. ते ठाणे, पालघर, नाशिक या जिल्ह्यांच्या डोंगराळ भागात, शहरापासून शंभर किलोमीटर आणि त्याहूनही दूर आहेत. मुंबईच्या पाण्याचा जवळपास निम्मा वाटा एकट्या भातशाचा. तानसाचे पाणी तर १८९२ पासून या शहरात येत आहे.

भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. याच तालुक्यातल्या अनेक गावांना आणि आदिवासी पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत तिथल्या बाया हंडे घेऊन उतारावरच्या झऱ्यापर्यंत जातात, वाटीने पाणी भरतात आणि चढ चढून परत येतात. धरणासाठी जमिनी त्यांच्या भागातल्या गेल्या, डोंगर त्यांचे, पाऊस त्यांच्या अंगणात पडलेला आणि पाणी आपल्या नळाला. आपण वुजू करताना नळ सोडून देतो तेव्हा जे पाणी मोरीत जाते, ते त्या बाईच्या गावाजवळून आलेले असते. तिचे नाव आपल्याला ठाऊक नाही, म्हणून तिचा हक्क कमी होत नाही.

आता कचऱ्याचे टोक. मुंबईत रोज सुमारे साडेसहा हजार टन कचरा निघतो. आज त्यातला बहुतेक कांजूरमार्गला जातो, पण देवनारचे डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून चालत आले आहे आणि तिथला कचऱ्याचा डोंगर अजून उभा आहे. त्याच्या पायथ्याशी गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीकनगर अशा वस्त्या आहेत. आपल्यापैकी कितीतरी जणींची मावशी, आत्या, भाची तिथे राहते. जानेवारी २०१६ मध्ये त्या डोंगराला आग लागली तेव्हा धूर इतका पसरला, की तो उपग्रहाने काढलेल्या छायाचित्रांतही दिसला. परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. दम्याची मुले आणि म्हातारी माणसे यांनी ते दिवस कसे काढले असतील, ते त्यांनाच ठाऊक.

कचरा पेटतो कसा, तेही समजून घेऊ. आपल्या घरातून जाणाऱ्या कचऱ्यात वजनाने निम्म्याहून बराच अधिक भाग ओला असतो : भाजीची देठे, फळांच्या साली, उरलेला भात, रस्सा, हाडे. हे सगळे प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ढिगाखाली गाडले गेले, की त्याला हवा मिळत नाही. हवेशिवाय कुजणाऱ्या अन्नातून मिथेन वायू निघतो आणि तो ज्वालाग्राही असतो. म्हणजे आपल्या दस्तरखानावर उरलेली बिर्याणी कचऱ्यात जाते, तेव्हा ती संपत नाही. ती कोणाच्या तरी घराजवळ जाऊन धुमसते. आपण शेजाऱ्याच्या दारात उष्टे टाकले तर लाजेने मान खाली जाईल. गाडीने ते नेऊन टाकले म्हणून लाज वाटत नाही, एवढाच फरक.

पातळ रस्सा करताना त्यात पाणी थोडे वाढवावे आणि शेजाऱ्यांच्या घरी पाठवावे, अशी शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे. पदार्थ भारी असण्याची अट त्यात नाही. आपल्याकडे जे आहे, त्यात दुसऱ्याचा वाटा आहे हे आधी धरून चालायचे. साधे राहणे म्हणजे माझ्या दृष्टीने एवढेच. महागडी ‘पर्यावरणपूरक’ बाटली किंवा बांबूचा ब्रश विकत घेण्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

मग घरात काय करता येईल? एकदम दहा गोष्टी हाती घेतल्या की आठवड्यात सगळ्या सुटतात. मी चारच सांगते.

पहिली गोष्ट पाण्याची. प्रेषित (स.) सुमारे एक मुद्द पाण्यात वुजू करत आणि साधारण चार-पाच मुद्द पाण्यात अंघोळ, असे हदीसमध्ये आले आहे. मुद्द म्हणजे ओंजळभर, आजच्या मापाने पाऊण लिटरच्या आसपास. वाहत्या नदीकाठी बसलो तरी वुजूत पाणी वाया घालवू नये, असेही त्यांनी बजावले. पाणी भरपूर असतानाही हात आखडता ठेवायचा, हे या शिकवणीचे मर्म आहे. टंचाईत तर सगळेच जपून वापरतात.

आता आपल्या घरचे माप घ्या. नेहमीप्रमाणे वुजू करा, फक्त नळाखाली बादली ठेवा आणि नंतर ते पाणी मोजा. चांगल्या दाबाचा नळ मिनिटाला सहा लिटर पाणी सहज सोडतो. दीड मिनिट नळ चालू राहिला तर नऊ लिटर. तेच तांब्याने, अगदी सढळ हाताने, तीन लिटरमध्ये होते. पाच माणसांच्या घरात दिवसाला पंधरा वेळा वुजू होतो असे धरले, तर वाचले नव्वद लिटर. मुंबईत पाण्याचे नियोजन करताना झोपडपट्टीतल्या माणसामागे दिवसाला ४५ लिटर आणि इमारतीतल्या माणसामागे १३५ लिटर, असा हिशेब वर्षानुवर्षे धरला गेला. म्हणजे फक्त वुजूच्या सवयीत वाचलेले पाणी वस्तीतल्या दोन माणसांच्या दिवसभराच्या वाट्याइतके होते. ही बचत करायला पैसा लागत नाही, फक्त तांब्या लागतो.

पाण्याचीच आणखी एक बाब. अनेक घरांत आरओचे यंत्र बसवलेले असते. ते खाऱ्या, क्षार जास्त असलेल्या पाण्यासाठी असते. एक लिटर पाणी देताना ते दोन-तीन लिटर बाहेर टाकते. मुंबईच्या तलावांचे पाणी मुळात गोडे आणि कमी क्षारांचे आहे. जुन्या, फुटक्या जलवाहिन्यांतून गाळ-घाण येते ही भीती खरी आहे, पण त्यासाठी साधे गाळणे आणि पाणी उकळणे पुरते. ज्यांच्याकडे बोअरवेलचे किंवा टँकरचे खारे पाणी येते, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी यंत्राच्या बाहेर पडणाऱ्या पाण्याची नळी बादलीत सोडावी. फरशी पुसायला आणि संडासात टाकायला ते चालते.

दुसरी गोष्ट चुलीची आणि दस्तरखानाची. आपल्या आजी-नानी बोकडाचा एकही भाग वाया जाऊ देत नसत. पाये, मुंडी, कलेजी, वजडी, सगळ्याचे काहीतरी होई. हाडे दोनदा उकळली जात. रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी, शिळ्या चपातीचा कुस्करा, वाळलेल्या पावाचा शाही तुकडा. या पदार्थांना आज आपण कधी ‘गरिबीचे’ म्हणतो, तर कधी हॉटेलात तेच पैसे देऊन खातो. आठवड्यातून एक दिवस ठरवा, की आज बाजारातून काही आणायचे नाही, फ्रिज आणि डबे यांत जे आहे त्यातच जेवण करायचे. महिन्याअखेरीस किराण्याच्या यादीत फरक दिसेल.

भाजीची देठे आणि फळांच्या साली यांचे खत खिडकीतही होते. भोके पाडलेली जुनी बादली किंवा माठ घ्या. तळाशी नारळाच्या शेंड्या घाला, त्यावर ओला कचरा, त्यावर तितकाच सुका पाला किंवा भुसा, आणि मधूनमधून चमचाभर आंबट ताक. मटणाची हाडे, मासळीचे काटे, तेलकट उरलेले मात्र त्यात घालू नका. वास सुटतो, उंदीर येतात आणि शेजारीण भांडायला येते, ते रास्तच. एवढे जमत नसेल, तर निदान ओला आणि सुका कचरा वेगळा द्या. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा वेगळा होऊ देऊ नका, तो इवलासा तुकडा कोणीच वेचत नाही. रिकामी पिशवी विसळून वाळवली, तर भंगारवाल्याला तिचे दोन पैसे मिळतात. धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये आपल्या शहराचे प्लास्टिक रंगाप्रमाणे निवडून, धुऊन, दळून पुन्हा कामाला लावणारे कितीतरी हात आहेत. खरकट्याने माखलेल्या कचऱ्यात हात घालायची वेळ त्यांच्यावर आणू नये, एवढे तर आपल्या हातात आहे.

तिसरी गोष्ट दावतीची. घरात आपण काटकसर करतो आणि वलीम्याच्या एका रात्रीत वर्षभराची काटकसर वाहून जाते. तीनशे पाहुणे असले आणि प्रत्येकाच्या ताटात शंभर ग्रॅम अन्न उरले, तरी तीस किलो होते. त्यावर थर्माकोलची ताटे आणि प्लास्टिकचे पेले. महाराष्ट्रात या वस्तूंवर २०१८ पासून बंदी आहे, तरी त्या मांडवात दिसतात. दाऊदी बोहरा समाजाकडून यात शिकण्यासारखे आहे. तिथे सात-आठ जण एका थाळाभोवती बसतात, एक पदार्थ संपल्यावर दुसरा येतो, आणि दाणाही वाया जाऊ नये म्हणून ‘दाना कमिटी’चे स्वयंसेवक लक्ष ठेवतात. आपल्याकडे थाळ नसेल, तर निदान लहान ताटे ठेवावीत, वाढणारे आपलेच पुतणे-भाचे असावेत आणि आग्रह एकदाच करावा. मुंबईत माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनी सुरू केलेली रोटी बँक समारंभांतले उरलेले चांगले अन्न गरजूंपर्यंत पोहोचवते. मात्र अशा ठिकाणी फोन आधी करून ठेवायचा असतो. रात्री बाराला, पदार्थ आंबायला लागल्यावर केलेल्या फोनचा उपयोग नाही.

चौथी गोष्ट वस्तूंची. मिक्सर बिघडला की दुरुस्तीवाला म्हणतो, ‘नवीनच घ्या’, आणि घरातली मुलेही तेच म्हणतात. नवीन वस्तू हप्त्याने येते आणि हप्ता घरातली शांतता घेऊन जातो. प्रेषित (स.) स्वतःचे कपडे शिवत, चपला सांधत, असे हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे. आपल्या गल्लीत अजून रफूवाला आहे, चांभार आहे, कुकरची शिट्टी बदलून देणारा आहे, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आहे. त्यांना काम दिले तर तीही रोजीरोटीच आहे. मोठ्या मुलाचा ईदचा कुर्ता धाकट्याला आखूड करून घातला, तर ईद लहान होत नाही. ती लहान होते आपल्या बोलण्याने, म्हणून मुलांसमोर ‘जुना’ हा शब्द हिणवून वापरू नये.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण ती बहुतेक लेखांत राहून जाते. साधेपणाचे सगळे काम घरातल्या बाईच्याच डोक्यावर पडत असेल, तर तो साधेपणा फार दिवस टिकत नाही. बादली भरायची तिने, कचरा वेगळा करायचा तिने, शिळ्याचे ताजे करायचे तिने, आणि कौतुक घराच्या साधेपणाचे. ज्या प्रेषितांच्या साधेपणाचे दाखले पुरुष देतात, ते स्वतः घरकामात हातभार लावत असत. तेव्हा भाईजानांनी आणि मुलांनी निदान दोन कामे कायमची घ्यावीत : ओला-सुका कचरा खाली नेणे आणि गळका नळ दुरुस्त करून घेणे. थेंबथेंब गळणाऱ्या नळाखाली रात्री बादली ठेवा. सकाळी ती भरलेली पाहून कोणालाही वेगळे समजावावे लागणार नाही.

आता त्या भगिनीचा दुसरा प्रश्न. टॉवरमध्ये कोणी का जात नाही? जायला हवे. जिच्या वाट्याला दोन तासांचे पाणी येते तिला बचतीचा उपदेश करणे हा अन्याय आहे. तिच्याकडून तर बाकीच्यांनी शिकावे. एका पिंपात सहा माणसांचा दिवस कसा काढायचा, हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नाही. चाळ आणि टॉवर एकाच पाइपावर असतील, तर वाटणीबद्दल विचारणे हे भांडणही नव्हे आणि हावही नव्हे. मुंबईतल्या पाणी हक्क समितीने न्यायालयात दाद मागितली, तेव्हा २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की अनधिकृत झोपडीत राहतो म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. कोणीतरी विचारले, म्हणून हे झाले. शेजाऱ्याचा हक्क द्यायचा असतो, तसा शेजारी म्हणून आपला हक्क मागायचाही असतो. चाळीतल्या चार जणींनी मिळून वॉर्ड ऑफिसात पाण्याच्या वेळेबद्दल लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जावे.

मात्र ज्यांच्याकडे चोवीस तास पाणी आहे, दोन गाड्या आहेत, फ्रिज भरलेला आहे, त्या वाचक कुटुंबांनी हे पत्र स्वतःला आलेले समजावे. कयामतच्या दिवशी प्रत्येक नेमतीचा हिशेब द्यायचा आहे असे आपण मानतो. ज्याच्याकडे जास्त, त्याचा हिशेबही लांब. इमारतीच्या सभेत फक्त पार्किंगवर तासभर वाद घालण्याऐवजी गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याबद्दल, मोकळ्या जागेत खताच्या टाकीबद्दल, मशिदीत वुजूचे पाणी झाडांना किंवा संडासाला वळवण्याबद्दल कोणीतरी विषय काढायला हवा. तो कोणीतरी तुमच्या घरातलाही असू शकतो.

या महिन्यात प्रत्येक घराने एकच माप घ्यावे. वुजूचे पाणी, दस्तरखानावर उरलेले अन्न किंवा आठवड्याचा ओला कचरा, यांपैकी काहीही. मुलांनाच मोजायला सांगा, त्यांना ते आवडते. आकडा या सदराकडे लिहून पाठवा, कमी असो वा जास्त. त्यातून पुढचे सदर तयार होईल, इन्शाअल्लाह.